तास मोजून टेन्शन कळत नाही

आठवड्याला ७० तास काम करावं की ९०, हा वाद आपल्याकडे दर काही महिन्यांनी उकळी येऊन वर येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती एका मुलाखतीत म्हणाले की तरुणांनी ७० तास काम करायला हवं, मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा ९० तासांचा व्हिडिओ फिरला, त्यात ते रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असंही म्हणाले होते, आणि त्यावर मीम्सचा जो काय पाऊस पडला तो सगळ्यांनी पाहिलाच. एका बाजूला "आम्ही काय मशीन आहोत का" म्हणणारे, दुसऱ्या बाजूला "आम्ही तुमच्या वयाचे असताना चौदा-चौदा तास राबलोय, काही झालं नाही आम्हाला" म्हणणारे.

गंमत म्हणजे दोघंही एकच गोष्ट मोजतायत, तास. आणि मला तर वाटतं की ते चौदा तासवाले खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच काही झालं नसेल. पण त्याचं कारण ते समजतात ते नाही. मानसशास्त्रात गेली पन्नासेक वर्षं एका वेगळ्याच प्रश्नावर काम चाललंय, तो म्हणजे काम किती आहे हे सोडा, ते कधी, कसं, कुठल्या क्रमाने करायचं हे ठरवतं कोण?

आधी एक ट्रेनचा किस्सा

१९७० च्या दशकात स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग, मारियान फ्रँकेनहॉयझर आणि अमेरिकेचे जेरोम सिंगर यांनी स्टॉकहोमला रोज ट्रेनने कामाला जाणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. काही जण अगदी पहिल्या स्टेशनवर चढायचे, त्यांचा प्रवास सव्वा तासाच्या वर. काही जण मधल्या स्टेशनवर चढायचे, त्यांचा प्रवास जेमतेम पाऊण तास. ताणात शरीर ॲड्रेनलीन नावाचं रसायन सोडतं, ते लघवीत उतरतं, म्हणून या लोकांच्या लघवीचे नमुने तपासले. अंदाज काय असणार, ज्याचा प्रवास लांबचा त्याला ताण जास्त. निघालं उलटं. कमी वेळ प्रवास करणाऱ्यांचं ॲड्रेनलीन जास्त होतं.

का? तर पहिल्या स्टेशनवर गाडी रिकामी असायची, माणूस आपल्या आवडीची जागा बघून, कोट नीट ठेवून, ओळखीच्या माणसाशेजारी बसायचा. मध्ये चढणाऱ्याला जे मिळेल ते.

हे वाचून मुंबईतला कुठलाही माणूस म्हणेल की यासाठी स्वीडनला कशाला जायला पाहिजे, डोंबिवलीला या. तिथले कितीतरी लोक सकाळी आधी उलट दिशेने कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात, म्हणजे 'डाऊन करून' येतात. घड्याळाच्या हिशोबाने हा शुद्ध वेडेपणा आहे. अर्धा-पाऊण तास फुकट घालवायचा, तोही झोपेतला. पण तो माणूस त्या अर्ध्या तासाच्या बदल्यात फक्त सीट विकत घेत नाही, दरवाजात लटकायचं की नाही, चढायला मिळेल की नाही, आज कोणाशी भांडावं लागेल या सगळ्या अनिश्चिततेतून सुटका विकत घेतो. त्याने कुठलाही रिसर्च वाचलेला नाही पण त्याचं गणित बरोबर आहे.

कंट्रोल म्हणजे नक्की काय?

संशोधक याला 'कंट्रोल' म्हणतात. आपल्या बोलण्यात कंट्रोल म्हणजे राग आवरणं किंवा गोड खायचं टाळणं, ते इथे नाही. इथे अर्थ एवढाच की जे घडतंय त्यात माझ्या करण्याने फरक पडतो का. आणि फरक पाडता येत नसेल तर निदान काय घडणार हे आधी कळतं का.

घाटातल्या एसटीचं बघा. वळणं तीच, धक्के तेच, पण उलटी मागच्या सीटवरच्या माणसाला होते, ड्रायव्हरला होत नाही. स्टिअरिंग त्याच्या हातात आहे, गाडी कुठे वळणार हे त्याच्या शरीराला आधीच माहीत असतं.

ताणाचंही पुष्कळसं असंच चालतं. धोका दिसला की आधी ॲड्रेनलीन, मग काही मिनिटांत कॉर्टिसॉल नावाचं दुसरं रसायन, हृदय जोरात, रक्तात साखर, पचन बाजूला. कुत्रा मागे लागला तर हे फार कामाचं आहे, पळालात, वाचलात, विषय संपला. पण "साहेब कधी काय सांगतील सांगता येत नाही" हा कुत्रा कधीच मागे लागत नाही आणि कधीच जातही नाही, त्यामुळे शरीर सतत अर्धवट तयारीत राहतं आणि झीज तिथे होते.

अंदाज असण्याचं महत्त्व तर महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. लोडशेडिंगच्या वर्षांत ज्या गावात वेळापत्रक पाळलं जायचं तिथे लोक वैतागत होते पण दळण, पाणी, मुलांचा अभ्यास सगळं बसवत होते. वेळ जाहीर एक आणि लाईट जाणार भलत्याच वेळी, तिथे लोक अक्षरशः पिसाळायचे. आजही शेतीपंपाला रात्रीचं वीज वेळापत्रक आलं की शेतकऱ्याची तक्रार फक्त जागरणाची नसते. आज येईल का, आली तर टिकेल का, मोटर चालू करून शेतात थांबायचं की घरी जायचं, हे रात्रभर डोक्यात चालू असतं.

बटण दिलं, पण दाबलं जवळपास कुणीच नाही

याच जेरोम सिंगर यांनी डेव्हिड ग्लास यांच्यासोबत त्याआधी आवाजावर प्रयोग केले होते, त्याचं पुस्तक १९७२ ला आलं. माणसांना बसवायचं, मध्येच कधीही कर्कश आवाज सोडायचा, आणि नंतर शांततेत त्यांना प्रूफ तपासायला आणि कोडी सोडवायला द्यायचं. त्यातली काही कोडी मुद्दाम न सुटणारी होती, माणूस किती वेळ चिकाटी धरतो ते बघायला.

ज्यांनी बेभरवशाचा आवाज ऐकला होता त्यांनी जास्त चुका केल्या आणि कोडी लवकर सोडून दिली. लक्षात घ्या, आवाज तेव्हा बंद झाला होता, पण परिणाम मागे राहिला. आता दुसऱ्या गटाला तोच आवाज, तेवढाच मोठा, पण सोबत एक बटण. सांगितलं की अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. जवळपास कोणीच दाबलं नाही. म्हणजे कानावर पडलेला आवाज दोन्ही गटांना सारखाच. तरी बटणवाल्यांची चिकाटी आणि अचूकपणा कितीतरी चांगला राहिला.

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग आहे, कारण यात त्रास एका कणानेही कमी झालेला नाही. फक्त "मनात आणलं तर थांबवू शकतो" एवढी सोय होती. 'हाफ डे टाकला तर चालेल' हे माहीत असलेला माणूस तो हाफ डे वर्षभर न टाकताही बरा राहतो, तो यामुळेच.

पण टेन्शन तर बॉसलाच जास्त असतं ना?

हा सगळ्यात कॉमन आक्षेप आणि याच्यामागे एक प्रसिद्ध प्रयोग आहे जो चुकलेला होता. १९५८ मध्ये जोसेफ ब्रेडी या अमेरिकन संशोधकाने माकडांच्या जोड्या केल्या. दोघांनाही विजेचा झटका बसायचा पण त्यातल्या एकाच्या हातात लीव्हर, त्याने वेळेवर दाबला तर दोघांचाही झटका टळायचा. लीव्हरवाल्याला नाव पडलं एक्झिक्युटिव्ह माकड. आणि ही एक्झिक्युटिव्ह माकडंच अल्सर होऊन मेली, जोडीदार ठणठणीत. झालं, पेपरात छापून आलं की जबाबदारी असलेल्या माणसाला अल्सर होतो, आणि साहेब लोकांना आपल्या ॲसिडिटीचं कौतुक करायला कारण मिळालं.

घोळ असा होता की कुठलं माकड एक्झिक्युटिव्ह करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. जी माकडं चाचणीत जास्त भराभर लीव्हर दाबत होती, म्हणजे मुळातच जास्त धास्तावलेली होती, त्यांनाच ते काम दिलं. पुढे जे वाइस या संशोधकाने उंदरांवर हाच प्रयोग नीट केला, कोण कुठल्या गटात जाणार हे नशिबावर सोडून. एका उंदराला झटका बंद करायला चाक फिरवता येत होतं, त्याच्या जोडीदाराला झटके तेवढेच पण चाकाचा काही उपयोग नाही. अल्सर जास्त झाले ते चाकाचा उपयोग नसलेल्या उंदराला. वाइस यांना आणखी एक गोष्ट दिसली जी मला ऑफिससाठी जास्त महत्त्वाची वाटते. नुसती धडपड जास्त आणि ती बरोबर चाललीय की नाही याची खूण काहीच नाही, अशा वेळी हातात चाक असूनही उंदराचे हाल होतात. ज्या साहेबांना रिपोर्ट पाठवला तरी "ओके" सुद्धा येत नाही, त्यांच्या हाताखालच्या लोकांनी हे वाक्य परत वाचावं.

माणसांचं काय, तर त्यासाठी लंडनचे सरकारी बाबू कामाला आले. व्हाइटहॉल म्हणजे तिथलं मंत्रालय म्हणा. १९६७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी होते. सगळे पक्क्या सरकारी नोकरीतले, उपाशी कोणी नाही, दवाखाना सगळ्यांना फुकट. तरी मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं की सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई-निरोप्यांच्या पातळीवरच्या लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सगळ्यात वरच्या साहेबांपेक्षा ३.६ पट होते. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरलं तरी निम्म्याहून जास्त फरकाचा उलगडा होत नव्हता. आणि ही उतरंड पायरीपायरीने होती, म्हणजे दुसऱ्या नंबरचा साहेबही पहिल्यापेक्षा थोडा वाईट.

मग १९८५ पासून दुसरा अभ्यास सुरू झाला, १०,३०८ लोक, यात बायकाही. यावेळी थेट विचारलं की कामात तुमचं म्हणणं किती चालतं. ज्यांनी तीन वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा "फारसं नाही" असं सांगितलं त्यांच्यात पुढे हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती.

आणि बॉसचं टेन्शन? २०१२ मध्ये गॅरी शर्मन, जेनिफर लर्नर वगैरेंनी हार्वर्डमध्ये ट्रेनिंगला आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यांची कॉर्टिसॉल तपासली. अधिकारी नसलेल्यांपेक्षा त्यांची पातळी कमी निघाली. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की चौदा तासवाले खोटं बोलत नाहीत. कंपनी स्वतःची, मीटिंग स्वतः लावलेली, कंटाळा आला तर उठून जायची मुभा, असे ९० तास आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता "सोमवार सकाळपर्यंत पाहिजे" असा मेल आलेले ५० तास, हे दोन एकाच मापाने मोजायचे कसे?

म्हणजे कंट्रोल असला तर कितीही तास चालतील?

नाही. इथे गाडी दुसऱ्या टोकाला नेऊ नका. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून अंदाज काढला की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. झोप, व्यायाम, वेळेवर जेवण हे चोवीस तासांतूनच काढायचं असतं आणि स्वतःच्या मर्जीने जागरण केलं म्हणून शरीर सूट देत नाही.

स्वीडन-अमेरिकेत काम केलेले रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच हे दोन्ही धागे एकत्र बांधले होते. त्यांचं म्हणणं, कामाचा रेटा आणि कंट्रोल वेगवेगळे बघा. रेटा जास्त आणि कंट्रोलही जास्त, तर माणूस दमतो पण शिकतो, वाढतो. रेटा जास्त आणि कंट्रोल कमी, हे सगळ्यात वाईट. कॉल सेंटर डोळ्यांसमोर आणा, कॉल किती मिनिटांत संपवायचा, काय वाक्य बोलायचं, बाथरूमला किती वेळ, सगळं स्क्रीन ठरवतं.

आकड्यांबाबत अजून एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. २०१२ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांतले १,९७,४७३ लोक एकत्र करून बघितलं तेव्हा अशा 'जास्त रेटा, कमी कंट्रोल' नोकरीमुळे हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे व्हाइटहॉलच्या दुपटीपेक्षा खूप कमी आहे, आणि सिगारेटच्या नुकसानापुढे तर अगदीच किरकोळ. तेव्हा "बॉसमुळे हार्ट अटॅक येतो" असं फॉरवर्ड आलं तर पुढे पाठवू नका, आणि बॉसला शिव्या देत सिगारेट ओढणाऱ्याने तर आधी सिगारेट विझवावी.

हे सगळं गोऱ्या लोकांचं, आपल्याकडे घरातले मोठेच ठरवतात

हा आक्षेप मला आवडतो कारण यात तथ्य आहे. १९९९ मध्ये शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या मुलांना शब्दकोडी दिली. गोऱ्या अमेरिकन घरांतल्या मुलांनी स्वतः निवडलेली कोडी सगळ्यात जास्त सोडवली. आशियाई वंशाच्या घरांतल्या मुलांना मात्र "हे तुझ्या आईने निवडलंय" असं सांगितल्यावर त्यांनी सगळ्यात चांगलं केलं. अनोळखी बाईने निवडलेलं दोन्हीकडच्या मुलांना नको होतं.

म्हणजे प्रत्येक गोष्ट स्वतःच ठरवली पाहिजे असं नाही. आपलं भलं बघणारं माणूस ठरवत असेल तर त्यातही आधार वाटतो. रॉथबॉम, वाइझ आणि स्नायडर यांनी १९८२ मध्ये म्हटलं होतं की परिस्थिती बदलणं हा एक प्रकारचा कंट्रोल आणि परिस्थितीप्रमाणे स्वतःला बसवून घेणं हा दुसरा. आजारपणात "देवावर सोडलंय" म्हणणारी आजी हरलेली असतेच असं नाही, जे हातात नाही तिथे ती ताकद वाया घालवत नाहीये.

पण याचा आधार घेऊन सगळं झाकूही नये. कितीतरी घरांत सून पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघरात असते आणि आज भाजी कुठली हे मात्र दुसरंच कोणी सांगतं, डब्यात काय, पाहुण्यांना काय, सगळं विचारून. ती दमते ते पोळ्यांमुळे असं घरातल्यांना वाटतं, म्हणून पोळ्यांना बाई लावतात. आणि तरी तिची चिडचिड का कमी होत नाही हे त्यांना कळत नाही!

थोडे दिवस दिलं आणि काढून घेतलं तर?

१९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं की हे झाड तुमचं, पाणी तुम्ही घाला, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर झाडं दिली पण काळजी नर्स घेणार. पहिला मजला जास्त हिंडता-बोलता झाला. या अभ्यासाची झाड लावा आयुष्य वाढवा छाप आवृत्ती नेटवर फिरते, तिच्यावर मात्र फार विसंबू नका. माणसं शंभरही नव्हती आणि दीड वर्षानंतरच्या मृत्यूंच्या फरकाचं गणित लेखकांना नंतर दुरुस्त करावं लागलं, तो फरक तितका पक्का उरला नाही.

मला त्याच वर्षीचा रिचर्ड शुल्झ यांचा अभ्यास जास्त बोलका वाटतो. वृद्धाश्रमात कॉलेजची मुलं गप्पा मारायला जायची. काही आजी-आजोबांना मुलं कधी येणार हे स्वतः ठरवता येत होतं, काहींना फक्त आधी कळत होतं, काहींकडे मुलं अचानक टपकायची. पहिले दोन गट खूप खुलले, आणि नुसतं आधी कळणंही ठरवण्याइतकंच उपयोगी पडलं. मग अभ्यास संपला आणि मुलं यायची थांबली. पुढच्या काही वर्षांत जेव्हा परत जाऊन बघितलं तेव्हा खुललेले दोन्ही गटच जोरात खाली आले होते, बाकीचे जिथे होते तिथे.

म्हणून कंपनीने 'वर्क फ्रॉम होम तुमच्या मर्जीवर' म्हणायचं आणि वर्षा-दीड वर्षाने सोमवारपासून सगळे ऑफिसला असा मेल टाकायचा, तेव्हा लोक एवढे का भडकतात याचं आश्चर्य वाटायला नको. त्यांना ट्रॅफिकपेक्षा जास्त काहीतरी झोंबलेलं असतं.

मग मनच खंबीर करायचं ना?

इथे मी थोडा चिडतो. स्ट्रेसवर सेमिनार घेणारे हमखास सांगतात की सगळं तुमच्या दृष्टिकोनात आहे. थोडंफार खरंही असेल. पण वरचे सगळे प्रयोग परत बघा, बटण खोलीत होतं किंवा नव्हतं, चाक जोडलेलं होतं किंवा नव्हतं, सीट होती किंवा नव्हती.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून म्हटलं होतं की काही केलं तरी फरक पडत नाही असं वारंवार अनुभवलं की प्राणी हतबल व्हायला शिकतो. २०१६ मध्ये त्यांनीच मेंदूवरच्या नव्या कामाच्या आधारे हे उलटं केलं. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते 'मी केलं तर फरक पडतो' हे, आणि ते भाषणाने होत नाही, एकदा तरी खरंच फरक पडलेला अनुभवावा लागतो.

नुसता देखावाही चालत नाही. डिलिव्हरी ॲपवाले सांगतात की आमच्या रायडरला बॉस नाही, हवं तेव्हा लॉगिन करा. पण ऑर्डर कुठली येणार, इन्सेंटिव्हचा नियम उद्या काय असणार, आयडी का ब्लॉक झाला, हे विचारायला समोर माणूसच नसतो. लॉगिनचं बटण त्याचं, बाकी सगळं ॲपचं.

ऑफिसात खरंच बदलून बघितलं तेव्हा

अमेरिकेत २०१५-१६ मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीने २८ दुकानांत एक प्रयोग करू दिला. त्यातल्या काही दुकानांत सेल्सच्या मुलामुलींच्या शिफ्टच्या वेळा आणि तास स्थिर झाले, आपसात शिफ्ट बदलायची सोय झाली. त्या दुकानांची विक्री ७ टक्क्यांनी वाढली.

त्याहून मोठा प्रयोग एरिन केली आणि फिलिस मोएन यांनी एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या आयटी विभागात केला. काही टीम्सना नशिबाने निवडून सांगितलं की कुठून आणि कधी काम करायचं ते तुम्ही आपसात ठरवा, निरर्थक मीटिंगा तुम्हीच छाटा, आणि मॅनेजरांनी टीमच्या घरच्या अडचणींची चौकशी करायला शिका. त्या टीम्समध्ये बर्नआउट म्हणजे कामाने पार पिळून निघणं कमी झालं, ताण कमी झाला, नोकरी सोडून जाणारेही कमी झाले, आणि कामाचे तास साधारण तेवढेच राहिले.

मग त्या कंपनीचं दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण झालं. नवीन मॅनेजमेंट आलं, त्यांना हे प्रकरण पसंत नव्हतं, आणि इतके चांगले निकाल हातात असूनही त्यांनी तो कार्यक्रम बंद केला. कर्मचाऱ्यांना कोणी विचारलं नाही.